आधीच धुतलेले पाय

सुलक्षणा गायकवाडला मंडळीतल्या पुरुषांचे पाय त्यांच्या तोंडांपेक्षा जास्त ओळखीचे आहेत. सेक्रेटरी सावळाराममामांच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं आहे. एसटीत कंडक्टर होते तेव्हा दारात सापडलं होतं. गेनबांच्या टाचांच्या भेगांत काडेपेटीची काडी उभी राहील. तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या करंगळ्या शेजारच्या बोटांवर चढून बसल्यात. पाय बघायची तिला हौस नाही. वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, बारा जण देवळामागच्या नळावर तिच्यापुढे ओळीनं पाय सोडून बसतात आणि ती ते घासते. बावीस वर्षं झाली.

हायवे सोडून कामथडीच्या बाजूनं आत गेलं की ओढ्याकाठी ही वस्ती लागते. सव्वीस घरं ख्रिस्ती, भोवतीचं गाव शेतकऱ्यांचं, वर टेकडीला धनगरांचे वाडे. सुलक्षणा वेल्ह्याकडची, मार्गासनीच्या पुढची. लग्न होऊन आली तेव्हा सासरे देवळाचे रखवालदार होते. घंटा, किल्ली आणि झाडू असं तीन गोष्टींचं हे मानाचं घर. सासरे गेल्यावर घंटा आणि किल्ली नवऱ्याकडे आली. झाडू तिच्याकडे आला.

नवऱ्याचं कागदावरचं नाव बर्णबा, गावात बंडू. तो दुसऱ्यांच्या शेतांत कामाला जातो. ती सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. तिथं तिच्या जोडीला फुलाबाई आहे, वरच्या वाड्यावरची. चौदा वर्षं एका चुलीपाशी बसल्यावर दोघींत लपवायचं काही उरलेलं नाही.

"औंदाबी हायेच का गं तुजा पाय धुवायचा गुरुवार?" फुलाबाईनं तांदूळ निवडता निवडता विचारलं होतं.

"हाय की. न हून जातोय कुठं."

"आमच्यात लग्नात सासरा नवरदेवाचं पाय धुतो, तेवढ्यापुरतं. तुमच्यात दरसाल. हाय तरी काय त्यात?"

सुलक्षणानं सांगितलं. प्रभूला माहीत होतं की आपल्याला उद्या धरून नेणार आहेत. शेवटचं जेवण चाललं होतं. तो पानावरून उठला, कमरेला पंचा बांधला आणि आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. ते काम घरातल्या सगळ्यांत खालच्या गड्याचं. शिष्य ओशाळले, एक तर नकोच म्हणाला. तेव्हा प्रभू म्हणाला, मी तुमचे धुतले, तसेच तुम्ही एकमेकांचे धुवा.

"आन तू?" फुलाबाई म्हणाली.

"मी काय?"

"एकमेकांचं म्हंतीस. तुजं कोन धुतं?"

सुलक्षणानं चुलीत लाकूड सारलं. धूर झाला, म्हणून डोळे पुसले.

आता देवळात पाय धुतात ते पाळकसाहेब, म्हणजे पाद्री. मग नळावर सुलक्षणा कशाला, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला कारण आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी पुण्याहून एक म्हातारे, मोठे पाळकसाहेब या गुरुवारी आले होते. त्यांच्यापुढे गेनबांचे वडील थेट म्हशींच्या गोठ्यातून येऊन बसले. साहेबांनी पाय परातीत घेतले आणि परात हिरवी झाली. साहेब शांतपणे धुतच राहिले. पण सगळी मंडळी लाजेनं अर्धी झाली. एवढ्या मोठ्या माणसाच्या हाताला शेण लागलं! पुढच्या वर्षी कमिटीनं ठराव केला: बारा जणांनी आधी पाय स्वच्छ धुऊन मगच पाय धुवायला बसावं. पुरुषांच्या हातून ते नीट होईना, म्हणून रखवालदाराची बायको साळूबाई नळावर बसली. गरम पाणी, साबण आणि टाचा घासायची वजरी घेऊन. ती एकोणीस वर्षं बसली, नंतर तिची सून सुलक्षणा.

तेव्हापासून देवळातली परात कशी आरशासारखी. पाळकसाहेब तांब्यातून चार थेंब सोडतात, पांढऱ्या टॉवेलानं टिपतात, बारा जण डोळे मिटून बसतात. अर्ध्या तासात सगळं उरकतं. त्या अर्ध्या तासात सुलक्षणा मागं चूल विझवत असते, वजरी धूत असते, काळं पाणी ओढ्याकडे लोटत असते. खिडकीतून वाचन ऐकू येतं. तिला ते लहानपणापासून पाठ आहे. ते ऐकायला मिळत नाही ही तिची तक्रार नव्हती. तिला एकदा त्या खुर्चीवर बसायचं होतं, एवढंच. सात वर्षांत चार पाळकसाहेबांना तिनं विचारून पाहिलं. एक हसले. दोघं म्हणाले, बघू. चौथ्यांची बदली झाली.

औंदा नवे पाळकसाहेब आले, नगरकडचे, तिशीतले, चष्मेवाले. ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस लागले तसे त्यांनी देवळाच्या दाराला एक कागद चिकटवला. गुरुवारी ज्यांना बसायचंय त्यांनी आपलं नाव स्वतः लिहावं. पुरुष, बाया, कुणीही. सुलक्षणानं झाडू भिंतीला टेकवला आणि पहिल्याच ओळीवर नाव लिहिलं. सुलक्षणा बर्णबा गायकवाड. शाळेच्या रजिस्टरात करते तशी ठळक सही.

घरी बंडू भडकलाच. "माझ्या आधी नाव? तेबी वरच्या ओळीवर?"

"ओळ मोकळी व्हती."

"पाळकसाहेब तरणा माणूस. तुझ्या पायाला हात लावंल?"

"तुमच्या लावतो तवा काय व्हतं?"

"मी बाप्या हाय!"

"पाय हायेत, अहो. पायाला कुठं मिशा असत्यात?"

आत पलंगावरून साळूबाईनं कान टवकारले. तिला एरवी मोठ्यानं बोलल्याशिवाय कळत नाही, पण भांडण असलं की कुजबूजही कळते. "म्या एकोणीस वरसं घासलं," ती ओरडली, "म्या कदी नाव दिलं का? सून म्हंजी निस्ती पुढंपुढं!"

तीन रविवार कागदावर बायांतलं तेवढं एकच नाव होतं. लोक येता-जाता वाचायचे. एक-दोघी हळूच म्हणाल्या, बरं केलंस. पण पेन कुणी हातात घेतलं नाही.

पवित्र गुरुवारच्या आधी झावळ्यांचा रविवार येतो, त्याच्या आदल्या दिवशी कमिटी बसली. सुलक्षणा चहा घेऊन आत गेली तेव्हा निर्णय झालेला होता, हे तिला सावळाराममामांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिकीट काढून झाल्यावर कंडक्टरचा होतो तसा तो चेहरा होता.

"ये सुलक्षणा. तुझ्यासाठीच एवढी चर्चा केली. औंदा सहा बाप्ये, सहा बाया."

तिनं ट्रे टेबलावर ठेवला. "मग बरं झालं की, मामा."

"पर पाळकसाहेबांनी बायांच्या पायाला हात लावायचा म्हंजी... आपली खेड्यातली मंडळी. लोक काय म्हंतील? तवा असं ठरलं की बायांचं पाय बाईनंच धुवायचं. आन बाई कोन, तर अनुभवी पायजे. म्हंजी तूच."

सुलक्षणानं पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि ते काच पुसत होते.

"माझं नाव हाय ना यादीत?"

"तू धुणार म्हंजी यादीत कशी बसशील?" मामा म्हणाले. "त्या जागी आमची नूतन बसंल. सुनेला लई हौस हाय. तू आधी बाप्यांचं मागं उरकून घे, मग हात धुऊन म्होरं ये. मान तर तुजाच झाला की."

"आन माझं पाय?"

"तुजं तू घरनं धुऊन ये."

सगळे हसले. पाळकसाहेब हसले नाहीत, पण तिच्यामागून दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सुलक्षणाबाई, या वर्षी एवढं समजून घ्या. सुरुवात तरी झाली."

"कशाची?" तिनं विचारलं.

आणि ती रिकामा ट्रे घेऊन निघाली.

सगळ्यांत कहर घरी झाला. सहा बायांत साळूबाईचं नाव आलं होतं, वयानुसार. म्हातारी चार दिवस जमिनीवर नव्हती. इरकली लुगडं काढून ठेवलं, रिक्षा सांगायला लावली. "मला पयली बसवनार हायेत," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आणि तिचे पाय धुणार कोण, तर सुलक्षणा. जी रोज सकाळी पलंगाशी बसून ते धुते, तेल लावते आणि वर बोलणी खाते. रोज मोरीत चालतं तेच आता देवळात चालणार, एवढा काय तो फरक.

"सांग की न्हाई म्हनून," फुलाबाई म्हणाली.

"सांगितलं तर म्हंतील, बघा, गर्व आला. पाय धुवायच्याच दिवशी गर्व."

"मग सांगू नगंस. बसून ऱ्हा. आमची बकरी बग, न्हाई जायचं म्हनलं की वरडत न्हाई. चार पाय रोवती."

"बकरीला पाठीत काठी बसती."

"बसती. पर तुला काय मारत्यात का? वरडतील."

गुरुवारी सुलक्षणानं सकाळी देऊळ झाडलं, सतरंज्या अंथरल्या, बारा खुर्च्या मांडल्या. सहा उजवीकडे, सहा डावीकडे. नळाला पाणी आलं तसं पिंप भरून ठेवलं. शाळेत जाऊन खिचडी केली, भांडी घासली. दुपारी घरी येऊन सासूला लुगडं नेसवलं. मग स्वतः आंघोळ केली. फिकट निळी साडी नेसली. साडेचार वाजले. या वेळेला ती नेहमी चूल पेटवायची. आज तिनं चपला घातल्या, पुढच्या दारानं देवळात गेली आणि डावीकडच्या ओळीत दुसऱ्या खुर्चीवर बसली. देऊळ रिकामं होतं. तिला वाटलं, उठून निदान चूल तरी पेटवावी. पण उठली असती तर परत बसली नसती, हे तिला ठाऊक होतं.

पाचला मागं आवाज सुरू झाले.

"सुलक्षणे! अगं पाणी कुठाय?"

"चूल गार हाय की!"

त्या दिवशी बंडू आणि गेनबा राब भाजायला गेले होते. भाताचं रोप टाकायच्या जमिनीवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, ते काम. दोघं गुडघ्यापर्यंत काळेठिक्कर. पाय तर धुतले जाणारच आहेत, या भरवशावर सगळे तसेच आले होते. एक जण गोठ्यातून, एक बांधकामावरून सिमेंटचे पाय घेऊन.

सावळाराममामा आत आले, मागं नूतन. नूतनच्या नखांना गुलाबी रंग होता, पैंजण नवे होते.

"हितं काय बसलीस? मागं समदी खोळंबलीत."

"नाव दिलंय मामा."

"आगं, ठरलंय ना आपलं?"

"तुमचं ठरलं. मी तवा चहा देत व्हते."

"पाणी कोन तापवनार?"

"पिंप भरलंय. लाकडं हायेत. काडेपेटी कोनाड्यात."

मामांच्या मानेची शीर फुगली. "आजच्या दिवशी तमाशा करतीस? आज नम्र व्हायचा दिवस हाय!"

"व्हय. म्हनूनच म्हनते, तुमी व्हा की जरा."

हे तिच्या तोंडातून निघून गेलं. बावीस वर्षांत ती मामांना असं बोलली नव्हती. नूतन तोंडाला पदर लावून हसली का खोकली, कळलं नाही. मामा मागं गेले आणि ओरडले, "धुवा रं आपापलं!" पण गेनबांचे गुडघे वाकत नव्हते, आणि घंटा वाजवायची म्हणून बंडूला वेळ नव्हता. त्यांनी उभ्यानंच तांब्यातांब्यानं पाणी ओतून घेतलं. राखेचा चिखल झाला. घंटा झाली आणि सहा जण काळी पावलं उमटवत सतरंजीवरून येऊन बसले. सुलक्षणा एकेक पाऊल मोजत होती. सतरंजी तिनंच परवा धुतली होती.

साळूबाईला दोघांनी धरून पहिल्या खुर्चीवर बसवलं. "तू हितं कशी?" म्हातारीनं सुनेला विचारलं. सुलक्षणानं तिचं लुगडं पायांवरून नीट सारलं. नूतनला खुर्ची उरली नाही. ती भिंतीशी उभी राहिली.

गाणं झालं, वाचन झालं. 'एकमेकांचे' हा शब्द आला तेव्हा सुलक्षणानं मान खाली घातली. आपल्याकडे कोण कोण बघतंय ते तिला बघायचं नव्हतं. पाळकसाहेबांनी झगा काढून ठेवला, कमरेला टॉवेल बांधला आणि उजवीकडे पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले. बंडूचा पाय परातीत घेतला, चार थेंब सोडले. काळी धार परातीत उतरली. त्यांनी हातानं चोळलं. राख निघेना, पसरत गेली. त्यांच्या बाह्या काळ्या झाल्या. बंडूनं पाय ओढून घेतला. "ऱ्हाऊ द्या साहेब, ऱ्हाऊ द्या." पण साहेबांनी घोटा घट्ट धरला आणि दुसऱ्यांदा पाणी ओतलं. बंडूनं बायकोकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर जेवण गोड लागणार नाही, हे तिला कळलं.

सहा पुरुषांना पाऊण तास लागला. दोन टॉवेल वाया गेले. गेनबांपाशी साबण मागवावा लागला; तो कुठं असतो हे कुणालाच माहीत नव्हतं. मागून कुणी तरी तिला खुणा करत होतं. तिनं भिंतीवरच्या क्रूसाकडे डोळे लावले. तिथं बघत असलेल्या बाईला देवळात कुणी हटकत नाही.

मग बायांची पाळी आली. पाळकसाहेब डावीकडच्या ओळीपुढे येऊन थांबले. मामांनी घसा साफ केला. "सुलक्षणा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चल आता. उशीर झाला."

पाळकसाहेबांच्या कपाळावर घाम होता, चष्म्यावर काळ्या बोटाचा ठसा. सुलक्षणाला वाटलं, आता हे पुन्हा म्हणतील, समजून घ्या. आणि आपण घेऊ. सवयच आहे. तिचे गुडघे उठायला लागलेसुद्धा होते.

"आरं, हितं काय चाललंय?" साळूबाई ओरडली. तिला निम्मं ऐकू आलं नव्हतं, आणि बसून बसून तिची कंबर धरली होती. "ये की रं बाबा. नातवावानी तू, लाजतोस काय? माजं पाय तुला खात्यात व्हय?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेब खाली बसले. साळूबाईचे पाय स्वच्छ होते, सकाळीच सुनेनं धुतलेले. ते पटकन झालं. म्हातारीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "गार हाय पानी."

मग ते सुलक्षणापुढे सरकले. तिनं चपला काढल्या. पाय घासून आली होती, तरी चुलीपुढच्या राखेचं काळं टाचांच्या चिरांत होतंच. ते कधी जात नाही. त्यांनी पाय हातात घेतला. एवढ्या वर्षांत तिनं मनात ठरवलं होतं, तेव्हा रडू येईल, काहीतरी उजळेल. तसलं काही झालं नाही. हात गार होते, गुदगुल्या होत होत्या, आणि सारखं मनात येत होतं की या माणसाला पाय धुता येत नाहीत. टाच सोडूनच दिली. पाणी घोट्यावर ओतलं, तळव्याला लावलंच नाही. पुसताना तर टॉवेल नुसता वरून फिरवला आणि पाय खाली ठेवू लागले.

"बोटांच्या मधे पुसा," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं.

"ओलं ऱ्हायलं की चिखल्या व्हत्यात."

ते पुन्हा खाली वाकले. टॉवेलाचं टोक करून एकेक बोट वेगळं करून पुसलं. दहा बोटं. पुसून झाल्यावर ते तसेच, त्याच परातीसह, शेजारच्या बाईपुढे सरकले.

"ते पाणी बदला आधी," सुलक्षणा म्हणाली.

पाळकसाहेबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी तिच्याकडे पाहिलं. बंडूनंही पाहिलं. सगळ्या देवळानं पाहिलं. तिनं कोरडे पाय चपलांत सरकवले आणि खुर्चीखाली घेतले.

अखेर मामा उठले. धोतर सावरत, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत त्यांनी परात उचलली. ती उचलायची कशी हे त्यांना माहीत नव्हतं. एका कडेला धरली आणि चालायला लागले. दोन पावलांवर परात कलली. काळं पाणी सतरंजीवर सांडलं आणि लाल पट्ट्यांमधून हळूहळू भिंतीकडे पसरत चाललं. फडकं दाराआडच्या खिळ्याला होतं, हे ती सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्ता लगेच टिपलं नाही तर डाग बसणार, आणि उद्या गुड फ्रायडेला याच सतरंजीवर सगळी मंडळी दुपारभर बसणार.

सुलक्षणानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले, त्यांच्यावर सगळा भार टाकला आणि बसून राहिली.